हवेचा निरोप

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर, स्टिअरिंगच्या खाली डाव्या अंगाला, एक काळी घुंडी होती. चोकची, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ओढायची. थंडीतल्या सकाळी आई गाडीत बसली की चावीला हात लावण्याआधी ती घुंडी ओढायची. पूर्ण नाही, किती, ते तिला कधी शब्दांत सांगता आलं नाही. मग अ‍ॅक्सिलरेटर दोनदा सावकाश दाबायची आणि स्टार्टर मारायची. इंजिनाने धरलं की मान किंचित कलती करून ऐकत राहायची, आणि ऐकता ऐकता घुंडी बोटाबोटाने आत सारायची. चौथ्या-पाचव्या मिनिटाला घुंडी पूर्ण आत गेलेली असायची आणि गाडी फाटकाबाहेर. तीच गाडी, तीच घुंडी, पण माझ्या हातून गाडी हमखास फ्लड व्हायची, इंजिनात नको इतकं पेट्रोल जायचं. मग बॉनेट उघडायचं, प्लग काढून पुसायचे आणि पेट्रोलचा वास उडून जाईपर्यंत थांबायचं.

गेल्या वर्षी त्या गाडीचा कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, मी उतरवला आणि त्या जागी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवलं, ज्यात हेच काम संगणकाच्या हुकमाने होतं. चार सिलिंडरचं, सोळाशे सीसीचं, पन्नाशीकडे झुकलेलं इंजिन. काम तीन महिन्यांत होईल असं धरलं होतं, अकरा महिने लागले. त्यातलं सगळं इथे मावणार नाही. पण एक गोष्ट मला त्या कामात कळली, ती आधी कुणी सांगितली असती तर निम्मे महिने वाचले असते, म्हणून हे लिहिते आहे. कार्बोरेटरला हवा स्वतः भेटते. संगणकाला ती कधीच भेटत नाही. त्याच्यापर्यंत नुसता तिचा निरोप पोचतो. निरोप खरा असेल तर तो कार्बोरेटरपेक्षा कितीतरी नेमकं काम करतो. निरोप खोटा असेल तर तोही तो तितक्याच नेमकेपणाने पाळतो.

आधी कार्बोरेटरबद्दल बोलायला हवं. त्याला जुनाट, ठोकळेबाज यंत्र समजणारी माणसं मला भेटली आहेत. मीही तसंच समजत होते. मग एका रविवारी तो वर्तमानपत्राच्या कागदावर मांडून मी पूर्ण सुटा केला आणि दुपारभर उठलेच नाही.

मध्ये अरुंद होत गेलेली एक नळी. हवा त्या अरुंद जागेतून जाताना वेग घेते, वेग वाढला की दाब उतरतो, आणि उतरलेला दाब बाजूच्या भांड्यातलं (फ्लोट चेंबरमधलं) पेट्रोल जेटमधून, म्हणजे एका बारीक भोकातून, वर खेचतो. जितकी हवा, तितकी ओढ, तितकं पेट्रोल. यात ना वीज, ना मोजमाप. १८९३ साली बुडापेस्टमध्ये दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी अशा फवारा उडवणाऱ्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं. त्याच सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाखही त्याच उत्तरापाशी पोचला होता. त्यानंतर जवळपास शंभर वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या याच तत्त्वावर धावल्या.

पण नुसती नळी आणि जेट पुरत नाहीत. ते का पुरत नाहीत, हे प्रत्येक भाग हातात घेतल्यावर उलगडत गेलं. थ्रॉटल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, जवळजवळ मिटलेला असताना नळीतून हवाच इतकी कमी जाते की ओढ निर्माण होत नाही, म्हणून आयडलिंगसाठी, म्हणजे पाय न देता इंजिन नुसतं चालू राहण्यासाठी, थ्रॉटलच्या पाकळीखाली उघडणारी वेगळी बारीक वाट. एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हलकी हवा पुढे पळते आणि जड पेट्रोल मागे राहतं, म्हणून त्या क्षणापुरती पिचकारी मारणारा छोटा पंप. आईचे ते दोन सावकाश दाब म्हणजे या पंपाच्या दोन पिचकाऱ्या. वेग वाढत गेला की साधी नळी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल देऊ लागते, म्हणून भोकांची एक पितळी नळी, जी जेटमध्ये हवेचे बुडबुडे मिसळून तो जास्तीचा ओघ रोखते. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ होत नाही, ते मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांच्या, भिंतींना चिकटून राहतं, म्हणून चोक. मेन जेटवर १२० हा आकडा कोरलेला होता, म्हणजे भोक १.२० मिलिमीटरचं, आयडल जेटवर ५०, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचं. गाडीचा सगळा स्वभाव मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत लिहिलेला होता आणि तो कुणीतरी, कुठल्यातरी चाचणी केंद्रात, एकेक जेट बदलून बदलून शोधून काढला होता. त्या अनोळखी माणसाबद्दल मला त्या दुपारी फार आदर वाटला.

मग काढला कशाला?

कारणं तीन होती. थ्रॉटलचा दांडा ज्या भोकांत फिरतो ती भोकं झिजून लांबट झाली होती आणि तिथून न मोजलेली हवा आत शिरत होती. आयडलिंग मिनिटाला कधी ६०० तर कधी १२०० फेरे. दुसरं, उन्हात इंजिन बंद करून दहा मिनिटांनी परत सुरू करायला गेलं की गाडी सुरूच व्हायची नाही. बंद इंजिनाची धग वर चढते, फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळतं आणि मॅनिफोल्डमध्ये सांडतं. आणि तिसरं कारण घाट. उंचावर हवा विरळ होते, पण नळीला ते पुरतं कळत नाही. तिथे पेट्रोल हवेच्या घनतेच्या प्रमाणात कमी होत नाही, घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतं. समुद्रसपाटीपासून २००० मीटरवर हवेची घनता साधारण ८२ टक्के उरते. हिशेब केला तर मिश्रणात जवळपास दहा टक्के जास्तीचं पेट्रोल जातं. घाटमाथ्यावर गाडी धापा टाकायची आणि मागून काळसर धूर निघायचा, त्याचं मूळ हे.

यातलं पहिलं दुखणं नव्या बुशिंगने बरं झालं असतं, दुसऱ्यावर कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारा जाड स्पेसर हा जुना उपाय आहे. म्हणून विचारणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते: ताकद वाढेल या आशेने हे काम करू नका. नीट जुळवलेला कार्बोरेटर पूर्ण थ्रॉटलला इंजेक्शनच्या फारसा मागे राहत नाही. फरक पडतो तो अधल्यामधल्या अवस्थांत, थंडीत, उन्हात, चढावर. मला तो हवा होता, कारण गाडी चालवणारी आई आता सत्तरीत आहे आणि भर उन्हात रस्त्याकडेला बॉनेट उघडून तिने उभं राहावं हे मला मान्य नव्हतं.

कामाला लागण्याआधी इतिहास वाचला, आणि त्यात एक गोष्ट सापडली जी मी नंतर अडचणीच्या दिवसांत पुन्हा पुन्हा आठवली. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची पहिली खटपट अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने १९५०च्या दशकात केली. १९५८च्या क्रायस्लरच्या काही मोजक्या गाड्यांवर ते बसलं. तेव्हाचे इलेक्ट्रॉनिक भाग इंजिनाजवळच्या उष्णतेत तग धरू शकले नाहीत, आणि त्यातल्या बहुतेक गाड्यांवर परत कार्बोरेटर चढवावे लागले. म्हणजे या प्रकारचं पहिलं रूपांतर उलट्या दिशेने झालं. बेंडिक्सचे हक्क पुढे बॉशकडे गेले आणि १९६७ साली फोक्सवॅगनच्या १६०० मॉडेलवर डी-जेट्रॉनिक आलं. त्यातला डी म्हणजे ‘द्रुक’, जर्मन भाषेत दाब. मॅनिफोल्डमधला दाब मोजायचा आणि त्यावरून हवा किती आली ते ताडायचं. माझ्या गाडीवर आज जे बसलं आहे त्याची कल्पना तीच आहे.

ती कल्पना साधी आहे. माझ्या इंजिनाचा एक सिलिंडर ४०० सीसीचा. २० अंशांना, समुद्रसपाटीवर, तो पूर्ण भरला तर त्यात सुमारे ०.४८ ग्रॅम हवा मावते. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या १४.७ पट वजनाची हवा लागते, म्हणजे या हवेला ३३ मिलिग्रॅम पेट्रोल. माझे इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या विजेच्या झडपा, मिनिटाला २०० सीसी सोडतात, म्हणजे मिलिसेकंदाला सुमारे अडीच मिलिग्रॅम. तेव्हा इंजेक्टर साडेतेरा मिलिसेकंद उघडा ठेवायचा, शिवाय तो उघडायला लागणारा एखादा मिलिसेकंद वर. ६००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला इतक्या फेऱ्यांना, एक पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत संपतं, तेव्हा हे त्यात बसतं आणि थोडी जागाही उरते. इंजेक्टर निवडताना हा हिशेब मी वहीत तीनदा केला. मोठा इंजेक्टर घेतला असता तर आयडलिंगला, जिथे इंजेक्टर जेमतेम अडीच-तीन मिलिसेकंद उघडतो, तिथे नेमकेपणा गेला असता.

पण सिलिंडर पूर्ण कधीच भरत नाही. किती भरतो हे आरपीएमवर, थ्रॉटलवर, कॅमच्या आकारावर, मॅनिफोल्डच्या लांबीवर ठरतं. त्यासाठी ईसीयूमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या संगणकात, एक कोष्टक असतं: आडवे सोळा आरपीएम, उभे सोळा दाब, एकूण २५६ चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत त्या अवस्थेत सिलिंडर किती टक्के भरतो तो आकडा. कारखान्यातून आलेल्या गाडीत ते भरून येतं. रूपांतरात ते कोरं असतं, किंवा दुसऱ्याच कुठल्यातरी इंजिनाचं असतं. ते भरणं म्हणजे खरं ट्यूनिंग. सगळे त्याचीच चर्चा करतात. मला मात्र त्याचा सर्वांत कमी त्रास झाला. एक्झॉस्टमध्ये बसून मिश्रण सांगणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर आणि धीर असला की चार-पाच फेऱ्यांत कोष्टक बऱ्यापैकी रूपाला येतं.

त्रास झाला तो पेट्रोलच्या वाटेचा आणि निरोपांचा.

पेट्रोलचं आधी सांगते, कारण यात जिवाशी गाठ आहे. कार्बोरेटरला पेट्रोल पुरवणारा पंप ०.२ ते ०.४ बार दाबाने काम करतो. इंजेक्शनला साधारण ३ बार लागतो. जुने रबरी पाइप, जुने स्क्रूचे क्लिप, जुना फिल्टर, यांतलं काहीही त्या दाबासाठी केलेलं नसतं. कार्बोरेटरच्या पाइपला भेग पडली तर थेंब ठिबकतो. ३ बारवर तीच भेग बारीक फवारा उडवते, आणि खाली एक्झॉस्ट तापलेला असतो. मी टाकीपासून इंजिनापर्यंतची प्रत्येक नळी बदलली, परतीची नळी नव्याने टाकली, इंजेक्शनसाठीचे पाइप आणि कड न कापणारे क्लिप वापरले. टाकी उतरवून गंज साफ केला. पंपाच्या आधी जाडसर फिल्टर आणि पंपाच्या पुढे १० मायक्रॉनचा. पंपाला रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, आणि त्या रिलेचा ताबा ईसीयूकडे: चावी फिरवल्यावर दोन सेकंद पंप चालतो, आणि इंजिन फिरत नाही असं दिसलं की आपोआप बंद होतो. त्याच्या जोडीला टक्कर झाल्यास वीज तोडणारा इनर्शिया स्विच. यातला एकही भाग ऐच्छिक आहे असं मी मानत नाही.

तरीही पहिल्यांदा पंप चालवला तेव्हा वास आला. फार मंद, पण आला. एकेका जोडावर कोरा टिश्यू पेपर फिरवत गेले आणि फिल्टरजवळच्या जोडाला तो ओला झाला. नटखालचा वॉशर मी जुनाच वापरला होता. बॅटरीची तार काढली, आणि सगळे जोड नव्या वॉशरने परत बसवेपर्यंत ती लावली नाही. त्यात तीन दिवस गेले आणि ते जायलाच हवे होते.

इथेच कार्बोरेटरचं आणखी एक काम ध्यानात आलं, जे तो इतकी वर्षं न बोलता करत होता. टाकी पाव भरलेली असताना वळणावर पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि पंपाच्या तोंडाशी क्षणभर हवा येते. फ्लोट चेंबरमध्ये शिल्लक असल्यामुळे पूर्वी त्याची खबरही लागत नसे. इंजेक्शनला ती सवड नाही. दाब पडला की त्याच क्षणी इंजिन अडखळतं. म्हणून मध्ये एक लिटरचं छोटं भांडं बसवावं लागलं: एक मंद पंप ते कायम भरलेलं ठेवतो, दुसरा जोरकस पंप त्यातून घेतो. कार्बोरेटर उतरवला म्हणजे एक भाग निघाला असं वाटतं. त्याच्या जागी आलेल्या गोष्टींची यादी केली तर ती दोन पानं भरते, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट त्याच्या एखाद्या कामाची भरपाई आहे.

आता निरोप.

पहिला निरोप आरपीएमचा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी म्हणून इग्निशन, म्हणजे ठिणगीची व्यवस्था, जुन्या डिस्ट्रिब्युटरवरच ठेवलं आणि आरपीएम ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलच्या निगेटिव्हवरून घेतले. कॉइल सुटते तेव्हा त्या टोकाला तीनशे-चारशे व्होल्टची उसळी येते आणि तिच्या मागे लहान लहान लाटा. ईसीयूने काही लाटाही ठिणग्या म्हणून मोजल्या. इंजिन हजारावर चालत असताना त्याला मध्येच तीन हजार दिसायचे आणि तो तितक्या वेळा पेट्रोल सोडायचा. इंजिन बुडून बंद. मी आठवडाभर पेट्रोलचं कोष्टक बदलत बसले, दोष तिथे नव्हताच. शेवटी क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवर छत्तीस दात्यांचं, एक दाता नसलेलं चाक बसवलं. दर दाता दहा अंश, आणि रिकामी जागा म्हणजे इंजिन नेमकं कुठे आहे त्याची खूण. त्यातही चुंबकी सेन्सरच्या दोन तारा उलट जोडल्या होत्या, त्यामुळे रिकाम्या दात्याची जागा त्याला कधी दिसायची, कधी नाही. तारा बदलल्या, आणि पडद्यावरचा आरपीएमचा आकडा पहिल्यांदा स्थिर उभा राहिला. त्या संध्याकाळी इंजिन लागलं. मोठ्याने नाही, फटाफट नाही. साधं लागलं आणि चालू राहिलं. मी बॉनेटपाशी उभी होते आणि माझे हात कापत होते.

दुसरा निरोप पाण्याच्या तापमानाचा, आणि याने मला सर्वांत जास्त शिकवलं. इंजिन गरम झालं तरी प्लग काळे, धूर काळा. कोष्टकातले आकडे कमी केले की गरम इंजिन सुधारायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लागायचं नाही. ईसीयूवर दिसणारं तापमान ६० अंशांच्या वर जातच नव्हतं. मला वाटलं थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे, तो बदलला. काही फरक नाही. मग एकदा थर्मामीटर घेऊन हाउसिंगला लावला: ८० अंश.

सेन्सर एका तारेचा होता, अर्थ, म्हणजे विजेची परतीची वाट, तो स्वतःच्या आट्यांमधून घ्यायचा. पाणी गळू नये म्हणून मी त्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली होती. या सेन्सरचा रोध थंडीत जास्त आणि गरमीत कमी असतो: २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम, ८० अंशांना सव्वातीनशेच्या आत. टेपमुळे वाटेत तीनशे ओहमची भर पडत होती, आणि ८० अंशांवरचं इंजिन ईसीयूला ६० अंशांचं वाटत होतं. म्हणून तो गार इंजिनाला द्यावं तसं वरचं पेट्रोल देतच राहिला. त्याची काय चूक? त्याला जे सांगितलं गेलं त्याला अनुसरून तो बरोबर वागत होता. आई असती तर इंजिनाच्या आवाजावरून तिने केव्हाच घुंडी आत सारली असती. टेप काढली, दोन तारांचा सेन्सर लावला, आणि महिनाभराचं कोडं अर्ध्या तासात सुटलं.

तिसरा निरोप मिश्रणाचा. हेडलाइट लावले की वाइडबँडचा आकडा बदलायचा. हेडलाइटचा आणि मिश्रणाचा काय संबंध? वाइडबँडचा कंट्रोलर मी बॉडीला अर्थ केला होता आणि ईसीयू इंजिन ब्लॉकला. दोन्हींमधली जुनी अर्थची पट्टी आतून गंजलेली. हेडलाइटचा करंट त्या पट्टीतून जाताना दोन अर्थांमध्ये व्होल्टचा दहावा भाग फरक पडायचा. माझ्या कंट्रोलरमध्ये पाच व्होल्टांत १० ते २० पर्यंतचं हवा-पेट्रोलचं गुणोत्तर मांडलेलं आहे, तेव्हा ०.१ व्होल्ट म्हणजे ०.२ ची चूक. लहान वाटते, पण दिवसा भरलेलं कोष्टक रात्री चुकीचं ठरवायला पुरेशी आहे. सगळे सेन्सर एका जागी अर्थ केले, नवी जाड पट्टी टाकली. इंजेक्शन करणाऱ्याला एकच सल्ला द्यायचा झाला तर मी हाच देईन: संगणक घेण्याआधी गाडीचे अर्थ नवे करा. कार्बोरेटरला ते कधीच लागले नव्हते, म्हणून पन्नास वर्षं त्यांच्याकडे कुणी पाहिलेलं नसतं.

निरोप खरे झाल्यावर मग घाट. लॅपटॉप मांडीवर घेऊन मी शेजारच्या सीटवर, आई स्टिअरिंगवर. चावी फिरवल्यावर, इंजिन लागण्याआधी, मॅनिफोल्डचा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. पायथ्याला ९५ किलोपास्कल. चढत गेलो तसे मध्ये तीनदा थांबून, इंजिन बंद करून मी तो आकडा पाहिला: ९०, ८५, आणि वर पोचल्यावर ८०. दर वेळी गाडी परत सुरू केली की मिश्रण तिथेच, जिथे पायथ्याला होतं. विरळ हवेत ताकद कमी झाली, ती होणारच, पण धाप नाही, धूर नाही. वर पोचून आईने इंजिन बंद केलं, पाच मिनिटं थांबली आणि माझ्याकडे न बघता पुन्हा चावी फिरवली. लागली. तिने परत बंद केलं, परत लावली. काही बोलली नाही. मला ते तिचं ‘चांगलं झालं’ वाटलं.

उरला होता तो थंड इंजिनाचा प्रश्न, आणि त्याला घाई चालत नाही. थंड इंजिन सकाळी एकदाच मिळतं. एकदा लावलं की ते तापतं, आणि पुन्हा पुरतं गार व्हायला रात्र जावी लागते. दिवसाला एक प्रयत्न. ईसीयूत यासाठी वेगळं कोष्टक असतं: अमुक तापमानाला नेहमीपेक्षा इतके टक्के पेट्रोल जास्त. शिवाय इंजिन लागल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांत थोडं आणखी, जे हळूहळू उतरत जातं. मी कुठूनतरी घेतलेले आकडे भरले होते आणि सकाळी गाडी लागायची, पण कुरकुरत.

एका संध्याकाळी आईला विचारलं, “थंडीत घुंडी किती ओढायचीस?”

“अगं, ते काय मोजून ओढायचे का मी?”

“हाताने दाखव.”

तिने डॅशबोर्डकडे हात नेला. घुंडी मी जागेवरच ठेवली आहे, केबल मागे गुंडाळून बांधलेली. काहीच कापलेलं नाही. कार्बोरेटरही तेल लावून पेटीत आहे, कधी कुणाला परत बसवायचा झाला तर बसवता येईल. तिने घुंडी धरून ओढली आणि थांबली. कडक थंडीत एवढी. मग थोडी आत: नेहमीच्या सकाळी एवढी. मी पट्टी लावून मोजत होते. मग तिने डोळे मिटले आणि, इंजिन चालू नसतानाही, ती घुंडी आत सारत गेली, तिच्या मनात जसं इंजिन तापत होतं तसतशी. पहिल्यांदा भरभर, मग मध्ये बराच वेळ एकाच जागी, मग शेवटचा टप्पा एकदम. माझ्या कोष्टकातली रेघ सरळ उतरती होती. तिच्या हातातली तशी नव्हती. मधला मुक्काम माझ्याकडे नव्हताच. तिथे भिंतींना चिकटलेलं पेट्रोल अजून सुकलेलं नसतं, पण पाणी तापल्याचा निरोप मात्र पोचलेला असतो.

रात्री मी आकडे बदलले. १० अंशांना १४५ टक्के, २० ला १३२, ३० ला १२८, ४० लाही जवळपास तेवढेच, मग ६० ला १०६ आणि ७५ ला शंभर.

दुसऱ्या दिवशी सकाळी १४ अंश होते. आई शाल घेऊन गाडीच्या दाराशी येऊन उभी राहिली. मी चावी फिरवली, पंपाचे दोन सेकंद जाऊ दिले, स्टार्टर मारला. दुसऱ्याच फेऱ्याला इंजिनाने धरलं, रेस बाराशेवर चढून थांबली. वाइडबँडच्या पडद्यावर नुसत्या रेघा होत्या. तो सेन्सर आधी स्वतः तापतो, मग बोलतो, त्याला वीसेक सेकंद लागतात. इंजिन लागण्याआधी त्याला तापवूनही चालत नाही, एक्झॉस्टमधलं पाणी लागून तो तडकतो. तेवढा वेळ मिश्रण कसं आहे ते ईसीयूला कुणीच सांगत नसतं.

आईने मान कलती केली.

“अजून थोडी उपाशी आहे ही.”

मी पडद्याकडे पाहत राहिले. रेघा गेल्या, आकडा उमटला: १५.६. गार इंजिनाला पेट्रोल खरंच कमी होतं.

लॅपटॉप उघडला. १० अंशांचे १४५ होते ते १५० केले, २० चे १३२ होते ते १३७ केले, आणि सेव्ह केलं. आई आत निघून गेली होती. इंजिन बंद केलं. आता ते पुरतं गार व्हायला उद्याची सकाळ उजाडावी लागणार होती.